गुडवुड रिव्हायव्हल २०२६: आठ जणांचं कसं जमवायचं? (व्हिसा, तिकिटं, मुक्काम, गाडी)

पद्मिनी११००

मंडळी, यंदा १८ ते २० सप्टेंबरला गुडवुड रिव्हायव्हलला, म्हणजे इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या रेसच्या महोत्सवाला, जायचं घाटतंय. आठ जण आहोत. पुण्याचे पाच, कोल्हापूरचे दोन, पणजीचा एक. वयं ३१ ते ६८. इंग्लंडचा व्हिसा याआधी कोणीच काढलेला नाही.

पहिली अडचण गणपतीची. चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. बहुतेकांकडे दीड दिवसाचा, एकाकडे गौरी-गणपती. त्यामुळे १६ ला मुंबईहून निघून २२-२३ ला परत, एवढीच सवड आहे.

प्रश्न असे:
१) आधी काय काढायचं, तिकिटं, विमान की व्हिसा?
२) तिन्ही दिवस जावं की दोन पुरे?
३) राहायचं कुठे? गाडी भाड्याने घ्यावी की ट्रेन?
४) कपड्यांचं खरंच एवढं कडक आहे का?
५) ब्युलीचा जुन्या पार्ट्सचा बाजार जोडता येईल का? दोघांना त्यांच्या जुन्या गाड्यांसाठी एसयू कंपनीच्या कार्बुरेटरचे आणि स्मिथ्स कंपनीच्या मीटरचे पार्ट हवेत.

टूर कंपनीकडून करायचं नाही, स्वतःच आखायचंय.

---

डबल_डीक्लच

क्रम असा ठेवा: कार्यक्रमाची तिकिटं, मग रद्द करता येईल अशी राहायची जागा, मग व्हिसा, आणि विमान सगळ्यात शेवटी. बहुतेक ग्रुप नेमकं उलटं करतात. विमान स्वस्त दिसलं की आठही तिकिटं काढून मोकळे होतात, आणि मग कळतं की शनिवारचा प्रवेश संपलाय.

गुडवुडला गेटवर तिकीट मिळत नाही, सगळी विक्री आगाऊ. आधी त्यांच्या क्लबच्या सदस्यांना, मग सर्वांना. शनिवार लवकर भरतो. ग्रँडस्टँडची खुर्ची हे वेगळं तिकीट आहे, ते प्रवेशाच्या तिकिटावर जादा घ्यावं लागतं. ६८ वर्षांच्या काकांसाठी एका दिवसाची तरी खुर्ची घ्या. बाकीच्यांना गरज नाही, गवताच्या बांधावरून छान दिसतं.

दिवस दोनच परवडत असतील तर शुक्रवार आणि रविवार घ्या, शनिवार सोडा. शुक्रवारी सराव आणि पात्रता फेऱ्या असतात, गर्दी कमी, गाड्या जवळून बघायला मिळतात आणि संध्याकाळी उतरत्या उन्हात रेस होते. रविवारी आरएसी टीटी सेलिब्रेशन असते. एक तासाची, दोन-दोन ड्रायव्हरांची रेस, फेरारी २५० जीटीओ, जॅग्वार ई-टाइप, कोब्रा या तोडीच्या गाड्यांची. ती चुकवायची नाही.

आता व्हिसा. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. ग्रुप व्हिसा असा काही प्रकार नाही. आठ जणांचे आठ अर्ज, आठ निकाल. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो, म्हणजे तुम्हाला १६ जूनपासून. निकालाला साधारण तीन आठवडे धरतात, पण जून-जुलैत बोटांचे ठसे द्यायची अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यापलीकडे कोणी ढकलू नये. निकाल लागेपर्यंत पासपोर्ट त्यांच्याकडे राहू शकतो. ग्रुपमध्ये कोणाला त्या महिन्यात कामासाठी दुबई-सिंगापूर असेल तर त्याने आधीच तारखा जुळवाव्यात.

कागदपत्रांत लोक कुठे अडकतात ते सांगतो:

सातबारा किंवा ८-अ जोडणार असाल (कोल्हापूरकर नक्की जोडतील) तर सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. मराठी कागद तसाच जोडला तर तो वाचलाच जात नाही. शेतीचं उत्पन्न दाखवायचं तर साखर कारखान्याचं बिल आणि तीच रक्कम खात्यात जमा झालेली दिसली पाहिजे.

कव्हर लेटर एकाने लिहायचं आणि सातांनी नाव बदलून चिकटवायचं, हे करू नका. प्रत्येकाचं उत्पन्न, रजा, परत येण्याचं कारण वेगळं असतं. आठ जण एकत्र जातोय, कार्यक्रमाच्या तिकिटांचा क्रमांक हा, एवढाच मजकूर समान ठेवा.

आणि एक गोष्ट आत्ताच, ग्रुपवर लेखी ठरवून टाका: ज्याचा व्हिसा नाकारला जाईल त्याच्या वाट्याच्या खोलीचे पैसे कोण भरणार? व्हिजिटर व्हिसा नाकारला तर अपील नसतं, नवी फी भरून नवा अर्ज. फी परत मिळत नाही. ही चर्चा जुलैत झाली तर मैत्री तुटते, फेब्रुवारीत झाली तर काही होत नाही.

गौरी-गणपतीवाल्यांनी घरी आधी विचारून घ्यावं. गौरी नेमक्या रेसच्याच दिवसांत येतायत. तो सदस्य "बघू, जमवतो" म्हणत असेल तर त्याला सध्या सातावर आठवा धरा.

---

हॅम्पशायरकर

राहण्याबद्दल. चिचेस्टर हे सर्किटला सगळ्यात जवळचं गाव, पण त्या शनिवार-रविवारी तिथले दर डोळे पांढरे करणारे असतात आणि बरेच जण किमान तीन रात्रींची अट घालतात. ग्रुपला त्यापेक्षा पोर्ट्समथ, वर्दिंग किंवा बॉग्नर रीजिस बरं. पोर्ट्समथहून चिचेस्टर ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास. एकाच घरात आठ जणांऐवजी शेजारशेजारची चार-चार जणांची दोन घरं बघा. आठ जणांच्या घरात न्हाणीघरं बहुधा दोनच असतात, आणि सकाळी सातला निघायचं म्हटलं की साडेपाचपासून रांग.

ट्रेनचा एक फायदा ग्रुपला मिळतो आणि लोक विसरतात: ग्रुपसेव्ह. ३ ते ९ मोठी माणसं एकत्र प्रवास करत असतील तर ऑफ-पीक तिकिटावर एक तृतीयांश सूट. शनिवार-रविवार पूर्ण दिवस ऑफ-पीक असतो, पण शुक्रवारी सकाळच्या गर्दीच्या गाड्यांना ती चालत नाही. कार्ड टॅप करून आत शिरलात तर सूट मिळत नाही, तिकीट आधी काढावं लागतं. आणि सगळ्यांनी खरोखर एकत्र असावं लागतं. दोघे मागच्या गाडीने आले तर त्यांचं तिकीट बाद.

रविवारी रुळांची कामं काढतात आणि गाड्यांऐवजी बस सोडतात. त्या तारखेचं वेळापत्रक आठवडाभर आधी पुन्हा तपासा.

हीथ्रोहून लंडनमध्ये शिरायची गरज नाही. विमानतळावरून वोकिंगला रेलएअरची बस जाते. वोकिंगहून पोर्ट्समथच्या बाजूची ट्रेन धरा, चिचेस्टरला जायचं असेल तर हॅव्हंटला बदला. सामान घेऊन व्हिक्टोरिया स्टेशनपर्यंत भुयारी रेल्वेने जाण्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत.

गाडी घ्यायची असेल तर तुमचं भारतीय लायसन्स ग्रेट ब्रिटनमध्ये १२ महिने चालतं. आंतरराष्ट्रीय परमिट कायद्याने लागत नाही, पण काही भाडे कंपन्या मागतात, बुकिंगच्या अटी वाचा. मूळ कार्ड न्या, मोबाइलमधलं डिजिलॉकर काउंटरवर कोणी बघत नाही. डिपॉझिट मुख्य ड्रायव्हरच्याच नावाच्या क्रेडिट कार्डवर अडकवतात. डेबिट कार्डवर भिस्त ठेवू नका.

डावीकडूनच चालवायचं आहे, त्यामुळे हात बसलेला असतो. चूक होते ती गोल चौकात. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि समोरचा थांबेल असं गृहीत धरून घुसायचं नाही. वेगमर्यादा मैलांत असतात: मोटरवेवर ७०, दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर ६०, गावात ३० किंवा २०. ससेक्समधल्या अरुंद रस्त्यांवर ६० ची परवानगी असली तरी झुडपांची भिंत रस्त्याला चिकटून असते. तिथे ४० च पुरे.

---

पद्मिनी११००

दोघांचेही आभार. दोन उपप्रश्न. एक, आठ जणांसाठी एकच नऊ सीटर घ्यावी असं चाललंय, ठीक आहे का? दुसरं, सोपं पडावं म्हणून प्रत्येकी दीड-दोन लाख कॉन्ट्री माझ्या खात्यात जमा करून सगळी बुकिंगं मीच करणार होतो.

---

लेजरबुक

दुसऱ्याचं उत्तर आधी: असं अजिबात करू नका. तीन वेगवेगळ्या बाजूंनी फसाल.

व्हिसासाठी तुम्ही बँकेचं स्टेटमेंट देणार. त्यात मे-जूनमध्ये अचानक सात वेगवेगळ्या लोकांकडून दहा-बारा लाख आले आणि तसेच बाहेर गेले असं दिसलं, तर अधिकाऱ्याला हा तुमचा पैसा नाही एवढंच कळतं. स्पष्टीकरण नसलेली मोठी जमा हे अर्ज नाकारण्याचं नेहमीचं कारण आहे. बाकी सातांचंही नुकसान होतं. त्यांच्या खात्यातून अर्जाच्या तोंडावर मोठी रक्कम गेलेली दिसते आणि शिल्लक कमी.

दुसरी बाजू टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच कापून घेतल्या जाणाऱ्या कराची. परदेशी रक्कम पाठवण्याच्या योजनेची (एलआरएस) मोजणी पॅनवर होते. एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, त्यावरच्या रकमेवर या प्रकारच्या खर्चासाठी २० टक्के. प्रत्येकी दोन लाखांप्रमाणे आठ जणांचे १६ लाख तुमच्या एकट्याच्या पॅनवरून गेले तर वरच्या सहा लाखांवर एक लाख वीस हजार अडकतात. प्रत्येकाने आपले आपण भरले तर कोणालाच काही लागत नाही. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर मात्र पहिल्या रुपयापासून टीसीएस आहे, १० लाखांची सूट तिथे नाही.

तिसरी बाजू परताव्याची. टीसीएस बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. पण ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच मिळतो. तुमच्या नावावर जमा झालेलं तुम्ही सातांना वाटत बसणार का?

म्हणून तिकीट, विमान, व्हिसा हे प्रत्येकाने स्वतःच्या कार्डावर. घर आणि गाडी एवढंच सामाईक. तेही दोन घरं असतील तर दोघांच्या नावावर. परदेशातला रोजचा खर्च एकाने क्रेडिट कार्डावर करायचा आणि हिशेबाच्या अ‍ॅपमध्ये त्याच रात्री टाकायचा. दुसऱ्या दिवशी कोणी कॉफी घेतली होती हे कोणाला आठवत नाही.

नऊ सीटरबद्दल: आठ माणसं बसली की मागे सामानाला जागा किती उरते ते गाडीच्या फोटोत बघा. आठ मोठ्या बॅगा त्यात मावत नाहीत. शिवाय ती बहुधा मॅन्युअल डिझेल असते, चालवणारे दोनच निघतात आणि एकाला ताप आला तर सगळे अडकतात. दोन साध्या स्टेशन वॅगन घ्या. चार-चार जणांच्या दोन तुकड्या, प्रत्येकीचं घर, गाडी, हिशेब स्वतंत्र. संध्याकाळी जेवायला एकत्र.

---

ट्विनचोक

कपडे आणि ट्रॅक, दोन्हीबद्दल लिहितो.

सर्किट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हवाई दलाच्या (आरएएफ) वेस्टहॅम्पनेट धावपट्टीभोवतीचा रस्ता, लांबी २.४ मैल. १८ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालं, १९६६ ला रेसिंग बंद पडलं, आणि १९९८ ला पन्नास वर्षांनी त्याच तारखेला रिव्हायव्हल सुरू झाला. तुमचा शुक्रवार नेमका १८ तारखेलाच येतोय. गाड्या त्याच १९४८ ते ६६ च्या काळातल्या आणि त्याआधीच्या, म्हणून पोशाखही त्याच काळाचा. सामान्य प्रेक्षकाला जीन्स घातली म्हणून कोणी हाकलत नाही, पण तिथे नव्वद टक्के माणसं नटून आलेली असताना स्पोर्ट्स शूज आणि निऑन विंडचीटरमध्ये आपणच विचित्र दिसतो.

कपडे तिथे जाऊन शोधू नका. इथल्या शिंप्याकडे जुलैपर्यंत टाका. पॅन्टची कंबर उंच, पुढे दोन चुण्या, खाली दुमड. चाळीस-पन्नासच्या दशकाचा लूक हवा तर टाय रुंद, साठच्या दशकाचा हवा तर दोन-सव्वादोन इंचांचा बारीक. कापड लोकरीचं आणि मध्यम जाडीचं. सप्टेंबरात दुपारी १८-१९ अंश असतं, सकाळी गारठा. पॉलिएस्टर सूटमध्ये सकाळी कुडकुडायला होतं आणि दुपारी घाम फुटतो. सगळ्यात स्वस्त आणि झकास उपाय म्हणजे पांढरा सुती बॉयलर सूट, मेकॅनिकचा. आत थर्मल घातलं तरी कळत नाही.

साडी अगदी चालते, त्या काळात लंडनमध्ये साड्या होत्याच. जॉर्जेटची साडी, अंबाडा, वर गॅबर्डिनचा लांब कोट, बघत राहावं असं दिसतं. फेटाही चालेल. पेशवाई अंगरखा आणि तलवार मात्र नको: काळ चुकतो, आणि तलवार घेऊन फिरणं तिथे गुन्हा आहे. टाचा बारीक नकोत, गवतात रुततात. बुटांचा तळ रबरी हवा. पाऊस झाला की चामड्याच्या तळव्याने बांधावरून माणूस थेट खाली येतो.

आता उभं कुठे राहायचं. सुरुवातीनंतरचं पहिलं उजवं वळण मॅजविक. पहिल्या फेरीची झुंबड बघायची तर तिथे. पुढे फोर्डवॉटर, भन्नाट वेगाचं. मग सेंट मेरीज, हे डावं वळण. ब्रिटिश रेसर स्टर्लिंग मॉसचा १९६२ सालच्या ईस्टर मंडेचा अपघात इथलाच, त्यानंतर त्याचं अव्वल रेसिंग संपलं. माझ्या मते सगळ्यात चांगली जागा सेंट मेरीज ते पुढचं लॅव्हंट वळण. कारण असं की या गाड्यांना जुन्या नमुन्याचे क्रॉस-प्लाय टायर असतात, ते आजच्या रेडियल टायरसारखे एकदम सुटत नाहीत, हळूहळू सरकतात. त्यामुळे ड्रायव्हर गाडी वळणात तिरकी टाकून थ्रॉटलने तोलतो. सेंट मेरीजला डावीकडे झुकलेली गाडी लगेच उजवीकडे लॅव्हंटसाठी वळवायची असते. त्या क्षणी मागचं चाक कसं बसतं आणि पुढचं आतलं चाक कसं उचललं जातं, हे स्पष्ट दिसतं. लोटस कॉर्टिनाचं आतलं पुढचं चाक हवेत असलेला फोटो हवा असेल तर १/१२५ सेकंदाच्या शटरवर गाडीबरोबर कॅमेरा फिरवा. १/१००० ला चाकं थिजतात आणि गाडी उभी असल्यासारखी वाटते.

सेंट मेरीज ट्रॉफी (सलून म्हणजे घरगुती गाड्यांची, दोन भागांत) चुकवू नका. साठच्या दशकातल्या गाड्यांची पाळी असेल त्या वर्षी मिनी आणि अजस्र फोर्ड गॅलक्सी एकाच रेसमध्ये: सरळ रस्त्यावर गॅलक्सी पुढे, वळणात मिनी तिच्या दाराला. आणि सेट्रिंग्टन कप बघा, लहान मुलांची ऑस्टिन जे४० पेडल गाड्यांची रेस. या गाड्या वेल्समधल्या बारगोडच्या कारखान्यात आजारी आणि अपंग झालेल्या खाणकामगारांनी बनवलेल्या.

१९६६ पूर्वीच्या गाड्यांना वेगळं पार्किंग असतं. ट्रॅक इतकाच वेळ तिथे द्या. आपल्या ॲम्बॅसिडरची मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३, स्टँडर्ड हेराल्डची मूळ ट्रायम्फ, असा सगळा गोतावळा भेटतो, आणि मालक बॉनेट उघडून अर्धा तास बोलतात.

कानात घालायला फोमचे बोळे न्या. फोनचं नेटवर्क दुपारी कोलमडतं, म्हणून भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा. दर दोन तासांनी नाही, दिवसातून दोनदाच. आठ जणांना सतत एकत्र ठेवायला गेलात तर एकही रेस धड दिसणार नाही.

---

रेडलाइन

एक शंका. एवढं करायचंच तर मोनॅको हिस्टॉरिक किंवा ल मान्स क्लासिक का नाही?

---

डबल_डीक्लच

मोनॅकोला ग्रांप्रीच्याच रस्त्यावर जुन्या फॉर्म्युला वन गाड्या पळतात, पण तो सम वर्षी आणि उन्हाळ्याच्या आधी असतो, मुक्काम नीसला करावा लागतो. ल मान्सला १३.६ किलोमीटरचा पूर्ण ट्रॅक आणि रात्रभर रेस, म्हणजे तंबूत राहायची तयारी हवी. दोन्हींना शेंगेन व्हिसा. ६८ वर्षांचा माणूस, पहिली परदेशवारी, डावीकडून गाडी आणि इंग्रजी पाट्या, एवढं धरलं तर गुडवुडच सोपं.

---

एसयू_एचएस४

ब्युलीचा ऑटोजंबल (तोच जुन्या पार्ट्सचा बाजार) सप्टेंबरमध्येच असतो, न्यू फॉरेस्टमध्ये. पण तुमच्या १६ ते २३ च्या सवडीत तो बसेलच असं नाही, तारीख बघूनच ठरवा. नाही बसला तरी ब्युलीचं राष्ट्रीय मोटर म्युझियम वर्षभर उघडं असतं. सोमवारी २१ ला पोर्ट्समथहून सहज होतं. परतीच्या वाटेवर हीथ्रोच्या आधी वेब्रिजला ब्रुकलँड्स, १९०७ चं, खास मोटार रेसिंगसाठी बांधलेलं जगातलं पहिलं सर्किट. काँक्रीटच्या उतरत्या ट्रॅकचा काही भाग अजून शिल्लक आहे.

पार्ट्सचं म्हणाल तर जंबलची वाट बघत बसू नका. एसयूचे जेट (पेट्रोल सोडणारं तोंड), नीडल (त्याचं प्रमाण ठरवणारी सुई), गॅस्केट किट तिथे आजही नवे बनतात. घराच्या पत्त्यावर मागवून ठेवा, घरमालकाला आधी विचारून. जाण्याआधी इथे कार्बुरेटर उघडून तीन गोष्टी लिहून घ्या: बॉडीवरच्या पत्र्याच्या खुणेवरचा एयूसी किंवा एयूडी नंबर, नीडलच्या दांड्यावर कोरलेली अक्षरं, आणि जेटचा व्यास (०.०९० की ०.१०० इंच). "दीड इंची एसयू" एवढ्यावर मागवलं तर नीडल चुकीची येते, आणि मग गाडी वरच्या आरपीएमला काळा धूर तरी सोडते किंवा खोकते तरी. स्मिथ्सच्या स्पीडोमीटरच्या डायलवर खाली बारीक टीपीएम आकडा असतो, म्हणजे एका मैलाला केबलचे फेरे. तो जुळला नाही तर सुई खोटं बोलते.

जुना कार्बुरेटर किंवा फ्युएल पंप घेतलाच तर विमानात टाकण्याआधी पूर्ण रिकामा करा, धुवा आणि हवेत दोन दिवस वाळवा. पेट्रोलचा वास आला तर बॅग उतरवतात. म्हणजे खरेदी शुक्रवारीच हवी, सोमवारी घेतलेला पंप वाळणार नाही. हाताने लिहिलेली का होईना, पावती घ्या. मुंबईला कस्टमने किंमत विचारली तर दाखवायला काहीतरी लागतं.

जाताना खाऊचं बघा. चिवडा, चकली, भाकरवडी बिनधास्त न्या. पेढे, खव्याचे मोदक नकोत. भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. प्रसाद न्यायचाच असेल तर सुक्या खोबऱ्याची आणि साखरेची खिरापत न्या, त्यात दूध नसतं.